विज्ञानकथेचा पेपर घेतलाय? मग जुलै उजाडायच्या आत एवढं करून ठेवा

मे महिन्यात पुढच्या सेमिस्टरचे पेपर निवडत होते. ओपन इलेक्टिव्हच्या यादीत सातव्या ओळीवर ‘विज्ञानकथा : वाचन आणि लेखन’ असं दिसलं आणि माझं बोट तिथेच थांबलं. आठवी ओळ मी वाचलीच नाही. मी बीएस्सीला आहे, विषय बॉटनी. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचं घ्यावं लागतं, आणि आमच्या कॉलेजच्या मराठी विभागानं यंदा पहिल्यांदाच हा पेपर काढलाय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “म्हणजे गोष्टी वाचायचे मार्क?” हो, गोष्टी वाचायचे मार्क! आठवीपासून जे मी अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचत आले, त्याचे आता क्रेडिट मिळणार होते. त्या रात्री झोप आली नाही. (यात उकाड्याचाही वाटा होता. अमळनेरचा मे आहे तो.)

परीक्षेच्या शेवटच्या पेपरला जाताना रेल्वेत कळलं की आमच्या डब्यातल्या आणखी चौघींनी हाच पेपर घेतलाय. दोन बीकॉमच्या, एक इतिहासाची, एक केमिस्ट्रीची. चौघींचा प्रश्न एकच: “पण म्हणजे नेमकं करायचं काय?” तेव्हापासून त्यांना मेसेजवर तुकड्यातुकड्यानं जे सांगत होते ते इथे एकत्र लिहिते आहे. मी तज्ज्ञ नाही. पेपर माझाही अजून सुरू व्हायचाय. पण सुट्टीभर चुकतमाकत तयारी केली आहे आणि कुठे वेळ वाया गेला ते आठवतंय, तेवढ्या भांडवलावर हे लिहिते.

पहिलं काम : सिलॅबसची झेरॉक्स

हे कंटाळवाणं आहे, म्हणून लवकर उरकू. विभागात जाऊन सिलॅबसची झेरॉक्स काढून आणा. मोबाइलवर फोटो काढलात तर तो लग्नाच्या फोटोंखाली गाडला जातो. आमचा पेपर २ क्रेडिटचा आहे, म्हणजे ३० तास. आठवड्याला दोन तास धरले तर पंधरा आठवडे होतात, आणि त्यात पोळा, गणपती, नवरात्र सगळं येतं. वर्गात पुस्तक वाचून घेतलं जाईल या भ्रमात राहू नका. वाचन घरीच करावं लागणार.

मग इंटर्नलचे मार्क कशाला आहेत ते बघा: प्रेझेंटेशनला, असाइनमेंटला की स्वतः लिहिलेल्या कथेला. आणि आपण अप-डाऊन करणाऱ्यांनी टाइमटेबल आधी बघायचं. मागच्या वर्षी मी एक पेपर नाव छान वाटलं म्हणून घेतला. त्याचं लेक्चर दिवसाच्या टोकाला निघालं, आणि आमची पॅसेंजर सुटायची वेळही तीच. अर्धं सेमिस्टर मी शेवटच्या बाकावर बॅग पाठीला लावूनच बसले. सरांना वाटायचं मुलीला विषयात रस नाही.

विज्ञानकथा कशाला म्हणायचं, याची एक चाळणी

पहिल्याच तासाला हा प्रश्न येणार, म्हणून उत्तर तयार ठेवा. मला सगळ्यात उपयोगी पडलेली कसोटी साधी आहे. गोष्टीतलं विज्ञान काढून टाका आणि बघा गोष्ट उभी राहते का. राहिली, तर ती प्रेमकथा असेल, रहस्यकथा असेल. तिला वरून यंत्रांचं रंगकाम केलंय इतकंच. कोसळली, तर ती विज्ञानकथा.

सिलॅबसमध्ये ‘नोव्हम’ असा शब्द दिसला तर घाबरू नका. डार्को सुविन नावाच्या समीक्षकानं तो रूढ केला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘नवी गोष्ट’. आपल्या ओळखीच्या जगात लेखक एक नवी गोष्ट सोडतो, पण ती चमत्कार म्हणून सोडत नाही. तिला कारण देतो, नियम देतो, आणि मग त्या एका गोष्टीनं सगळं जग कसं हलतं ते दाखवतो. पाण्याच्या हौदात रंगाचा थेंब टाकून बघत बसावं तसं. भूतकथेत भूत का आलं हे विचारायचं नसतं. विज्ञानकथेत ते विचारणं वाचकाचा हक्क असतो.

वर्गात कोणीतरी हात वर करून म्हणणारच की आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, पुष्पक विमान वगैरे. वाद घालत बसू नका. पुष्पक विमान सुंदरच आहे, पण ते कसं चालतं याची गोष्टीला फिकीर नाही. ती अद्भुतकथेची ताकद आहे, उणीव नव्हे. आणि ‘आपल्याकडे काय होतं’ असं कोणी विचारलंच, तर चाळीसगावजवळच्या पाटणचं नाव घ्या. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, तिथे मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाचा १२०७ सालचा शिलालेख पाटणला आहे. तो मठ बंदच पडला नसता तर? गेली आठशे वर्षं पाटणच्या डोंगरात पोरं गणित घोकत बसली असती तर आज चाळीसगाव कसं असतं? याला पर्यायी इतिहास म्हणतात आणि तो विज्ञानकथेचा एक अस्सल प्रकार आहे. इतिहासवाल्या मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा या पेपरबद्दल खूश झाली.

काय वाचायचं, कुठून सुरुवात

इथे माझे दहा दिवस वाया गेले. मी मोठ्या उत्साहानं एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मोबाइलवर उतरवली आणि चाळिसाव्या पानावर अडकले. शब्द अडत होते आणि विज्ञानही अडत होतं, दोन्ही एकदम. तसं करू नका. मराठीतून, आणि लघुकथेपासून सुरू करा. अमळनेर ते जळगाव गाडीला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात एक कथा होते. धरणगाव येईपर्यंत कथेनं पकडलं नाही, तर ती सोडून पुढची घ्यायची, असा मी नियमच केला.

सुरुवात जयंत नारळीकरांपासून करा. सगळे तेच सांगतील, पण कारण नीट माहीत असू द्या. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा स्वतःच्या नावानं पाठवली नाही, ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली. आद्याक्षरं उलटी वाचून बघा. जगभर नाव झालेला शास्त्रज्ञ आहे म्हणून परीक्षकांनी झुकतं माप द्यायला नको, एवढ्यासाठी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आमच्या वाचनालयात त्यांची पुस्तकं टेबलावर मांडली होती. मी त्यातला ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आणला आणि दंड भरायची वेळ येईपर्यंत परत केला नाही. भाषा सरळ असते, पात्रं आपल्यातली असतात, आणि विज्ञान मुळातच पक्कं असतं. नवख्यानं आणखी काय मागायचं?

त्यानंतर मागे जा. मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ ची आहे. बऱ्याच जणांच्या मते आधुनिक विज्ञानकथा इथून सुरू होते. लिहायला सुरुवात केली तेव्हा मेरी अठरा वर्षांची होती, म्हणजे आपल्या एफवायच्या पोरीएवढी. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी पावसात घरात अडकलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी रचायची पैज लावली, त्यातून ही कादंबरी निघाली. संपूर्ण वाचली नाही तरी चालेल, पण एक लक्षात ठेवा: फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला बनवणाऱ्याचं आहे. त्या प्राण्याला नावच दिलेलं नाही. व्हायव्हाला हा प्रश्न येण्यावर मी एक प्लेट शेव-भाजी लावायला तयार आहे.

आपल्याकडचे दोन जुने नमुनेही हाताशी असू द्या, कारण वर्गात बहुतेकांना ते माहीत नसतील. एक, जगदीशचंद्र बोस यांची १८९६ ची बंगाली कथा, ज्यात समुद्रात केसाच्या तेलाची बाटली ओतून वादळ शमवलं जातं. हसू येतं, पण पृष्ठताण आठवा. माणूस भौतिकशास्त्रज्ञ होता. दुसरी, रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ ची ‘सुलतानाज ड्रीम’. बायकांच्या हाती राज्य आहे, पुरुष घरात पडद्यात. सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, आणि फुग्याला नळ्या लावून ढगातलं पाणी थेट खाली घेतात. हे वाचताना मला सतत आपली साक्री आठवत होती. तिथे शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. उन्हाचं जमलं. ढगाच्या नळ्यांची तेवढी वाट बघतोय, टँकरच्या रांगेत उभं राहून.

ही जुनी पुस्तकं कॉपीराइटमधून सुटलेली आहेत, त्यामुळे इंग्रजी मूळ इंटरनेटवर फुकट मिळतात. मराठीसाठी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन जुने दिवाळी अंक मागा. कपाटावर धूळ असते, शिंका येतात, पण तिथे सोनं आहे.

वाचताना पेन्सिल हातात. प्रत्येक कथेत एका जागी खूण करायची: जगाचा नियम लेखकानं कुठे बदलला? एकदा ती ओळ सापडली की पुढची सगळी कथा त्या ओळीचे परिणाम म्हणून वाचता येते. असाइनमेंटचा पहिला परिच्छेद तिथेच तयार होतो.

विज्ञान किती यायला हवं

बीकॉमच्या दोघींची खरी भीती ही होती. माझं उत्तर: नववी-दहावीचं विज्ञानाचं पुस्तक पुरे. धाकट्या भावाचं मागून घ्या. सगळं वाचायचं नाही. गोष्टीत जो एक नियम लागतो तेवढाच, पण तो पूर्ण.

उदाहरण देते. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, हे सगळ्यांना पाठ असतं. आता त्याला कामाला लावा. मंगळ कधी जवळ असतो, कधी लांब. रेडिओ संदेशाला तिथे पोचायला साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. तुम्ही मंगळावर नोकरीला आहात. आई फोनवर विचारते, “जेवलीस का?” तुम्ही लगेच “हो” म्हणालात तरी तिला ते ऐकू यायला कमीत कमी सहा मिनिटं जाणार. लांब असलात तर पाऊण तास. तेवढ्यात आईनं अजून चार प्रश्न विचारलेले असतील, दोनदा रुसून झालं असेल, आणि मावशीला फोन लावून “पोरगी बोलत नाही” हेही सांगून झालं असेल. एका आकड्यातून घरातलं भांडण निघालं. विज्ञान इतकंच लागतं.

स्वतः बघा : साडेबाराची सावली

ही पायरी मी तरी सोडणार नाही. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, त्यामुळे वर्षातून दोन दिवस दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात त्याला. जळगाव-अमळनेर भागात तो मेच्या २५-२६ तारखेच्या आसपास येतो.

मी अंगणात स्टीलचा ग्लास पालथा ठेवून बाराच्या ठोक्याला उभी राहिले. सावली होती. चांगली बोटभर. पाच मिनिटं, दहा मिनिटं, ती हलेना. आजी ओट्यावरून बघत होती, म्हणाली, “येडी व्हयनी का?” मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. आपल्या घड्याळातले बारा हे ८२.५ अंश रेखांशाचे बारा आहेत, तिकडे प्रयागराजच्या बाजूचे. आपण ७५ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार अर्धा तास उशिरा. त्यात पृथ्वीच्या फिरण्याच्या हिशेबाची दोनतीन मिनिटं वजा. बारा सत्तावीसच्या सुमाराला ग्लासाची सावली ग्लासाच्या काठाखाली शिरली. अंगणातला ग्लास एकदम खोटा दिसायला लागला, चित्रातून कापून जमिनीवर चिकटवल्यासारखा. माझ्या पायांशीही काही नव्हतं. जे अंगण मी वीस वर्षं झाडते, ते मिनिटभर कुठल्यातरी दुसऱ्याच ग्रहाचं झालं.

ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवणं आणि त्याला पक्कं कारण असणं: सुविननं विज्ञानकथेबद्दल जे जड भाषेत लिहिलंय, ते मला त्या ग्लासानं शिकवलं. मेचा दिवस चुकला असला तर हळहळू नका. दुसरा जुलैत आहे, त्याबद्दल शेवटी सांगते.

‘मग?’ तीनदा विचारा

आता वहीत लिहायचा सराव. यानबिन नको. घरातली एक वस्तू घ्या आणि तिच्याबद्दल ‘मग?’ असं तीनदा विचारा. मी घेतलं कपाशीच्या बियाण्याचं पाकीट.

मातीतल्या एका जिवाणूचा जनुक काढून कपाशीत घातला, की झाड स्वतःच बोंडअळीला मारणारं प्रथिन तयार करतं. बीटी म्हणजे हे. भारतात २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. हे वाक्य १९५० सालच्या कोणाला ऐकवलं असतं तर तो म्हणाला असता, विज्ञानकथा वाचतेस वाटतं.

पहिलं ‘मग?’: अळी मेली, फवारण्या कमी झाल्या, कापूस वाढला. इथवर जाहिरात. साधारण लेखक इथेच थांबतो.

दुसरं ‘मग?’: सगळ्यांनी तेच लावलं. आता बघा, त्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, साध्या, बिगरबीटी बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं लावायचं असायचं. कशाला? तर तिथे साध्या अळ्या जगाव्यात म्हणून! चुकून एखादी अळी बीटीला पचवून जगलीच, तर तिच्या पतंगाला जोडीदार म्हणून साधे पतंग भरपूर असावेत, म्हणजे पुढची पिल्लं सगळी निर्ढावलेली निघणार नाहीत. किती हुशार कल्पना आहे. आणि आमच्या घरी? ते छोटं पाकीट कोठीघरात खिळ्याला टांगलेलं असायचं. अळीला पोसायला कोण जागा देईल, असं बाबांचं म्हणणं, आणि अख्ख्या शिवाराचं म्हणणं तेच होतं. पुढे कंपन्यांनी साधं बियाणं त्याच पिशवीत मिसळूनच द्यायला सुरुवात केली, कारण कोणी वेगळं लावत नव्हतं.

तिसरं ‘मग?’: निर्ढावलेली गुलाबी बोंडअळी. २०१७ चा हंगाम आठवतो. मी शाळेत होते. फुलं उमलत नव्हती, गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहायची. डोमकळी म्हणतात त्याला. बोंड फोडलं की आत सरकीत अळी आणि कापसाची कवडी झालेली. दरवर्षी बाबा पाण्याची सोय असली की फरदड ठेवायचे, म्हणजे वेचणी झाल्यावर त्याच झाडांना पाणी देऊन पुन्हा कापूस घ्यायचे. त्या वर्षी जानेवारीत सगळं शेत उपटून टाकलं.

आता यातली गोष्ट कुठे आहे? माझ्या मते प्रयोगशाळेत नाही, त्या खिळ्यावर टांगलेल्या पाकिटात आहे. शत्रूला थोडं जगू द्यायचं, हे एका माणसाला दुसऱ्यानं समजावून सांगायचं आणि त्यानं ऐकायचं नाही. मी यावर दोन पानं लिहिली आहेत. सेमिस्टरमध्ये पुरी करणार.

तुमच्याकडे तुमचं पाकीट असेल. रावेर-यावलकडच्यांकडे टिश्यू कल्चरची केळी आहेत: हजारो झाडं, सगळी एकमेकांची सख्खी नक्कल. शहाद्याच्या मुलांकडे टेंभली आहे. २०१० च्या सप्टेंबरात देशातलं पहिलं आधार कार्ड त्या गावात दिलं गेलं; बुबुळ हीच ओळख, हे आधी कथांमध्ये होतं आणि मग थेट नंदुरबार जिल्ह्यात आलं. आमच्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे कॉम्प्युटरवाली विप्रो झाली. हे कोणी कथेत लिहिलं असतं तर मॅडमनी ‘पटत नाही’ असा शेरा मारला असता.

एक पान लिहा, आणि घरात वाचून दाखवा

वर्ग सुरू व्हायच्या आत एक पान लिहून ठेवा. वाईट लिहिलं तरी चालेल, माझं तर होतंच. माझ्या पहिल्या कथेत साल होतं २१५०, शहर न्यूयॉर्क, शास्त्रज्ञ डॉक्टर रॉबर्ट, आणि एक अवकाशयान. मी कधी भुसावळच्या पुढे एकटी गेलेली नाही. तरी न्यूयॉर्क.

आजीला वाचून दाखवलं. तिला मराठी पुस्तकी भाषा कळते, पण ती बोलते अहिराणीच. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तठे भाकरी कोन करस?”

मी हसले. मग हसणं थांबलं, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. त्या दुपारी मी तेच शोधत बसले. यानात वजन जाणवत नाही, म्हणजे परातीत पीठ बसणार नाही, त्याचा ढग होईल. नाकात, यंत्रात, सगळीकडे. पाणी ओतायचं म्हटलं तर ओतलंच जाणार नाही, हाताला गोळा होऊन चिकटेल. विस्तव पेटवायची मुभा नाहीच, पण पेटवला तरी गरम हवा वर जात नाही, त्यामुळे ज्योत वर न जाता गोल होते. आणि भाकरी झाली तरी तिचे तुकडे पडतात. ज्वारी-बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. चुऱ्याचा हा त्रास इतका खरा आहे की अमेरिकी अंतराळवीर १९८५ पासून पावाऐवजी टॉर्टिया नेतात, म्हणजे जवळजवळ आपली पोळी. आजीला सांगितलं की वर पोळी चालेल, भाकरी नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी तर नाहीच नाही. ती म्हणाली, मग मी काही येत नाही.

तर ‘भाकरी कोण करतं’ हा प्रश्न प्रत्येक कथेला विचारा. तुमच्या भविष्यातल्या शहरात झाडतं कोण, मेलेली जनावरं उचलतं कोण, सुट्टी कोणाला असते? ‘रोबोट’ हा शब्दच मुळी इथून आला. कारेल चापेक या चेक लेखकानं १९२० मध्ये लिहिलेल्या नाटकात तो पहिल्यांदा आला, आणि तो बनवलाय ‘रोबोटा’ या शब्दावरून. त्याचा अर्थ वेठ. वेठबिगारीतली वेठ. हे कळलं तेव्हा मला यंत्र दिसलंच नाही, आमच्या शेजारच्या काकांकडचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी दिसले. आपल्याकडे सालदारकी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपते आणि आखाजीलाच नवी ठरते. त्या एका दिवशी सालदार मोकळा असतो, बोलणी करू शकतो, नाही म्हणू शकतो. मग यंत्र सालदार ठेवला तर त्याची आखाजी कधी? रॉबर्टची पानं मी फाडली आणि ही कथा सुरू केली. पहिलं वाक्य बारा वेळा बदलून झालंय.

लिहिताना दोनतीन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळा. “तुला माहीतच आहे की २०९० साली...” असं एका पात्रानं दुसऱ्याला सांगायचं नाही, माहीतच असेल तर तो कशाला सांगेल? शेवटी जाग आली आणि सगळं स्वप्न होतं, हेही नाही. आणि एआयला “खान्देशावर विज्ञानकथा लिही” म्हणून बघायचा मोह होईल. मी करून बघितलं. त्यानं केळीच्या बागेत उडती तबकडी उतरवली आणि शेवटी गावानं तिचं स्वागत केलं. आजीचा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नव्हता.

संवादात आपली बोली येऊ द्या. अहिराणी, लेवा, भिली, पावरी, जी असेल ती. पुढच्या शतकात सगळे पुण्यासारखं बोलतील असं कुठल्याही विज्ञानानं सिद्ध केलेलं नाही.

पहिल्या तासाला

पुढच्या बाकावर बसा, हे मी स्वतःलाही सांगतेय. सोबत सिलॅबसची झेरॉक्स, एक दोनशे पानी वही, वाचलेल्या चारपाच कथांची नावं आणि प्रत्येकीतली ती एक खूण केलेली ओळ. सिनेमांवर बोलायला सगळे तुटून पडतील. तुम्ही कथेवर बोला, मॅडमच्या लक्षात राहाल. एखादा शब्द कळला नाही तर लगेच विचारा. कॉमर्सच्या मुलीनं विचारलं तर सायन्सवाल्यांचंही भलं होतं, ते लाजेनं गप्प बसलेले असतात.

आणि ती जुलैची गोष्ट. शून्य सावलीचा दुसरा दिवस जळगावला १७-१८ जुलैच्या आसपास पडतो, वेळ साधारण बारा चौतीस. तोवर पेपर सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील. पावसाळा आहे, ढग बहुतेक असतीलच. तरी आम्ही पाच जणींनी ठरवलंय की दोन्ही दिवस मैदानात जायचं, आणि जमलं तर मॅडमना सोबत ओढायचं. ग्लास मी आणते आहे. तुम्ही छत्री आणा.